फेब्रुवारी ते एप्रिल : कार्यक्रम, मिक्सिंग आणि घर, तुम्ही बसवता कसं?

ठेका_चुकला (१२ फेब्रुवारी)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायलाच बसलो कारण मगाचपासून कॅलेंडर समोर ठेवून पेन्सिलीने लिहितोय आणि खोडतोय, कागद फाटायची वेळ आलीय.

मी तबला वाजवतो, मुख्यतः साथीला. बरोबर घरच्या घरी थोडं रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून गाणं तयार करायचं) काम करतो, नुसत्या साथीवर भागत नाही हे इथे बऱ्याच जणांना वेगळं सांगायला नको. थंडी ओसरायला लागली की दरवर्षी जी गडबड सुरू होते ती पार अर्धा एप्रिल उलटेपर्यंत चालते. यंदाचा हिशेब असा : ९ आठवडे, ११ कार्यक्रम, पाच शहरं, त्यात मार्चमध्ये १० दिवसांचा परदेश दौरा (पश्चिमेला, घड्याळात आठ तासांचा फरक, २१ ला परत), आणि एका अल्बमची सहा गाणी मिक्स करून १५ एप्रिलला द्यायचीत.

आणि घर. ताईला मुलगी झालीय, दीड महिन्याची आहे, सध्या दोघी आईबाबांकडेच आहेत. भाचीला मी अजून फक्त फोनवर बघितलंय, तेही निम्म्या वेळा पंखाच दिसतो कारण आई फोन आडवा धरते. बाबांचा गुडघा नोव्हेंबरात बदलला, तेव्हा मी जेमतेम दोन दिवस होतो. आता काठी सोडलीय म्हणे.

गेल्या वर्षी असाच सीझन होता आणि मी मोठ्या हुशारीने दोन कार्यक्रमांच्या मधल्या दोन दिवसांच्या फटीत घर बसवलं होतं. झालं असं की गाडी लेट, पोचलो रात्री दोनला, उठलो अकराला, दुपारी ज्यांचं मिक्सिंग चालू होतं त्यांचा फोन, आवाज जरा वर करा, हे खाली घ्या, मग हेडफोन लावून संध्याकाळपर्यंत त्यातच, दुसऱ्या दिवशी चारला निघालो. निघताना बाबा दारात आले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पुढच्या वेळी येशील तेव्हा राहायला ये." टोमणा नव्हता हो तो, टोमणा असता तर बरं झालं असतं.

तर प्रश्न असे. एक, तुम्ही लोक या धावपळीत घरच्यांना वेळ कसा काढता, म्हणजे प्रत्यक्षात, तारखांच्या हिशेबात. दोन, मिक्सिंगचं काम प्रवासात करता का आणि जमतं का. तीन, लांबच्या विमानप्रवासात तबला नेण्याचा माझा हा पहिलाच अनुभव आहे, काय सांभाळायचं. आणि तान्ह्या बाळाच्या घरात रियाज कसा करायचा हेही सांगा कोणीतरी.

---

खर्जातली

आधी तुमच्या बाबांना नमस्कार सांगा, अगदी बरोबर बोलले ते.

मी गाते, वीसेक वर्षं झाली या फिरतीला. माझा अनुभव एका वाक्यात : फटीत घर बसत नाही. आपण कॅलेंडरवर दोन रिकामे चौकोन बघतो आणि म्हणतो दोन दिवस मोकळे, पण त्यातला पहिला आदल्या कार्यक्रमाची झोप खातो आणि दुसरा पुढच्या कार्यक्रमाची काळजी खाते, मग घरच्यांच्या वाट्याला काय येतं तर आपलं शरीर. मीही तीन-चार वर्षं माझ्या ताईकडे अशीच "जाता जाता" जायचे. एकदा तिची मुलगी, सहा वर्षांची असेल, माझ्या बॅगेवर बसून विचारते, "मावशी, तू आमच्याकडे आलीस की बॅग कधीच का उघडत नाहीस?" खरंच होतं, मी वरच्या कप्प्यातून टूथब्रश आणि एक ड्रेस काढायचे, बाकी बॅग बंद. त्यानंतर मी नियम केला की जिथे बॅग पूर्ण उघडून कपडे कपाटात लावता येणार नाहीत तिथे "घरी आले" म्हणायचं नाही, "भेटून गेले" म्हणायचं. भेटून जाणंही चालतं, पण तसं आधी सांगावं, म्हणजे समोरचा तेवढीच अपेक्षा ठेवतो.

मी करते काय, सीझनचे फोन यायच्या आधीच घरच्या तारखा पेनाने लिहिते. पेन्सिलीने नाही!! आयोजकांचा फोन आला की सांगते, त्या तारखांना मी बाहेर आहे. कुठे ते कोणी विचारत नाही. "घरी जायचंय" म्हटलं की मात्र लगेच सुरू, मग एक दिवस अलीकडे घ्या ना, पलीकडे घ्या ना.

गाणाऱ्यांसाठी अजून एक, तुम्हाला कदाचित लागू नाही पण कोणी वाचत असेल तर. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरी जाऊ नका. घरी गेलं की आपण बोलतो, आणि सगळे एकदम बोलत असतात म्हणून मोठ्याने बोलतो. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, १९११ मध्ये एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे मांडलं, त्यांच्याच नावाने ओळखतात. विमानातही तेच, इंजिनाच्या घरघरीवर शेजारच्याशी दोन तास गप्पा मारल्या की उतरल्यावर गळा खरखरतो, त्यात आतली हवा इतकी कोरडी की आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली असते. आणि गळा बसला म्हणून कुजबुजत बोलू नका, त्यानेही ताण पडतो, सरळ गप्प बसा. माझ्या घरी हे सगळ्यांना माहीत आहे, मी पाटी लिहून बोलते तेव्हा भाऊ मुद्दाम कोडी घालतो.

बाकी हा सीझन असा का भरतो ते देवच जाणे. वसंत आणि बहार या दिवसांत दिवसाच्या कुठल्याही वेळी गायची मुभा आहे, ती आयोजकांनी फारच मनावर घेतलीय :)

---

केबल_गुंडाळ्या

प्रश्न दोनवर लिहितो, तो माझा प्रांत.

प्रवासात मिक्सिंग करू नका. एडिटिंग करा. दोन्हीत फरक आहे. टेक निवडणं, खोकले-खाकरे काढणं, ट्रॅकना नावं देणं, तबल्याचे नको ते ठोके साफ करणं, हे सगळं हेडफोन लावून गाडीत बसूनही होतं. पण बॅलन्स, ईक्यू (आवाजातला कुठला पट्टा चढवायचा-उतरवायचा), रिव्हर्ब (किती घुमवायचं) हे निर्णय ज्या खोलीचा आवाज तुमच्या ओळखीचा आहे तिथेच घ्या. हॉटेलच्या खोलीत केलेला खालचा सप्तक घरी ऐकल्यावर रडू येतं, मी रडलोय.

दुसरं कान. तुम्ही स्टेजवर मॉनिटरसमोर, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोर, दोन तास बसता. अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मोठ्या कार्यक्रमानंतर कानात जो दडा बसतो किंवा शिट्टी वाजते ती कान थकल्याची खूण आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कानांनी मिक्स केलंत तर वरचे सूर जास्त चढवाल, नंतर सगळं कर्कश्श वाटेल. विमानातून उतरल्यावरही तेच, आतला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तसा ठेवलेला असतो, उतरताना कान बंद होतात आणि काहींचे दुसऱ्या दिवशीपर्यंत नीट उघडत नाहीत. त्या दिवशी फक्त फाइली लावा. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात ते घ्या, साधे फोमचे आवाज मारून टाकतात, हे सगळ्या पट्टीत सारखा कमी करतात.

फाइलींचा हिशेब करून निघा. २४ बिट ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो, तासाला ५०० एमबीच्या वर. म्हणजे १६ ट्रॅकचं दोन तासांचं लाइव्ह रेकॉर्डिंग सोळा-साडेसोळा जीबी. हॉटेलच्या वायफायवर हे रात्रीत चढेल अशा भ्रमात राहू नका. दोन छोट्या ड्राइव्ह घ्या, एक लॅपटॉपबरोबर आणि दुसरी वेगळ्या बॅगेत, आणि तिसरी कॉपी निघायच्या आधी घरी किंवा क्लाउडवर. माझी एकदा एकाच बॅगेत दोन्ही होत्या आणि बॅग तीन दिवस दुसऱ्याच शहरात मुक्कामाला गेली. त्या तीन दिवसांत माझं वय वाढलं.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंत विचारावं लागत नाही, म्हणजे साधारण २७,००० एमएएचची पॉवर बँक. १०० ते १६० च्या मधलं असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते.

आणि महत्त्वाचं. १५ एप्रिल ही तारीख कशाची आहे? पहिल्या मिक्सची का शेवटच्या? कारण कोणीही पहिल्या ऐकण्यात "मस्त झालंय" म्हणून सोडत नाही. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरा, म्हणजे तुमची खरी तारीख ५ एप्रिल आहे. आजच त्यांना लिहून कळवा की अमुक ते अमुक मी फोन घेणार नाही, मेसेज टाकून ठेवा, एकदम बघेन. लोक समजून घेतात, आपणच घाबरतो.

---

शाईपुडी

तबल्याचं मी सांगतो, दौरे बरेच झालेत.

हातोडी चेक-इनमध्ये टाका. हे पहिलं लिहितोय कारण सगळे हेच विसरतात. हँडबॅगेत सापडली की सिक्युरिटीवाला काढून घेतो, आणि परदेशात उतरल्यावर संध्याकाळच्या कार्यक्रमाला यजमान तुमच्यासमोर खिळे ठोकायची हातोडी आणून ठेवतात. मी त्या हातोडीने एक आख्खी मैफल लावलीय, गट्ट्यांवर (बाजूच्या लाकडी ठोकळ्यांवर) अजून वण आहेत. पावडरचा डबाही चेक-इनमध्येच, मोठा डबा हातात असेल तर काही ठिकाणी वेगळी तपासणी करतात.

कातडं कोरड्या हवेत आवळतं आणि तबला चढतो, दमट हवेत सैल पडतो. त्यामुळे लांबच्या विमानप्रवासाआधी मी थोडा उतरवून ठेवतो, फार नाही. पोचल्यावर लगेच पेटी उघडून ठोकाठोक करायची नाही. खोलीत कव्हरसकट चार-पाच तास राहू दे, तिथल्या हवेला रुळू दे, मग लावा. हीटर चालू असेल तर त्याच्यापासून लांब. थंडीतून एकदम गरम हॉलमध्ये गेलात तर पहिल्या अर्ध्या तासात तो दोनदा तरी हलणार, गायकाला आधीच सांगून ठेवा म्हणजे मध्येच बघत नाही आपल्याकडे.

जमलं तर दोन तबले न्या, एक काळी एकचा आणि एक काळी चारचा (पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांच्या हिशेबाने), तिकडे ऐन वेळी कोण कुठल्या पट्टीत गाईल सांगता येत नाही. डग्गा तांब्यापितळेचा असेल तर बॅगेत तळाला, आत मोजे नि कपडे कोंबून, रिकामा ठेवलात तर पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, दाब येतो.

कागदपत्रांचं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे जाणार असाल तर कातड्याची वस्तू आहे हे फॉर्मवर लिहावंच लागतं, ते तपासतात, लपवलं तर दंड. लाकडाचंही एक होतं मध्ये. आपले तबले बऱ्याचदा शिसव-शिसमचे असतात, ते डाल्बर्जिया गटातलं लाकूड, आणि २ जानेवारी २०१७ पासून साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात या सगळ्या गटावर निर्बंध आले तेव्हा वादकांची भलतीच तारांबळ उडाली होती. मग २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तेव्हा ती जुनी भीती कोणी घातली तर घाबरू नका, फक्त वाद्याचा फोटो आणि खरेदीची पावती असेल तर जवळ ठेवा, परत येताना हे इथूनच नेलंय हे दाखवायला बरं पडतं.

बाळाच्या घरातला रियाज : तबल्यावर जाड टॉवेल टाकून बोटं फिरवा, आवाज निम्म्याहून कमी होतो. नाहीतर पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा. आमचे गुरुजी म्हणायचे जे तोंडातून स्वच्छ येत नाही ते हातातून काय येणार. आठवडाभर नुसती पढंत केलीत तर हात जाणार नाही, लय उलट पक्की होईल.

---

उंबऱ्याच्या_आतली

मी वादक नाही, वादकाची बायको आहे आणि दुसऱ्या एका वादकाची बहीणही आहे, म्हणजे दोन्हीकडून अडकलेय :) तुम्ही सगळे आपापल्या बाजूने लिहिताय म्हणून घरी बसणाऱ्यांच्या बाजूने थोडं.

आम्हाला दिवस किती याचा तितका राग नसतो. राग "बघतो", "जमवतो", "बहुतेक बुधवारी" याचा असतो. बुधवारी म्हटलं की आई सोमवारपासून घर आवरते, बाबा गेटचं तेल-पाणी करतात आणि मंगळवारी रात्री फोन येतो, अगं थोडं लांबलंय. त्यापेक्षा दीड दिवस येणार म्हणा, पण वार आणि वेळ पक्की सांगा.

दुसरं म्हणजे आलात की पाहुण्यासारखे बसू नका हो. बाबांच्या पुढच्या तपासणीची तारीख कधी आहे ते विचारलंत का? त्या दिवशी घरी असा. सोबत जा, डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्या कानांनी ऐका, म्हणजे ताईला बाळाला सोडून जावं लागणार नाही. नुसतं समोर बसून "कसे आहात" विचारण्यापेक्षा ते बाबांना जास्त आवडेल, माझ्या बाबांना तरी आवडायचं.

आणि ताईला विचारा रात्री काय चालतं. तुम्ही लोक तसेही दोन-तीनपर्यंत जागेच असता. तिला दूध पाजून झालं की बाळ तुमच्याकडे द्यायला सांगा, ढेकर काढा, खांद्यावर घेऊन फिरा, तिला सलग तीन तास झोप मिळू दे. माझ्या भावाने माझ्यासाठी पाच रात्री हे केलं होतं. तो त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला आला नाही, कोणाकोणाच्या लग्नाला आला नाही, मला काहीही आठवत नाही, त्या पाच रात्री आठवतात.

एकच, सर्दी-खोकला असेल तर सरळ तारीख पुढे ढकला, विमानं-स्टेशनं-हॉल करून आलेला माणूस काय घेऊन येईल सांगता येत नाही. आणि डांग्या खोकल्याची मोठ्यांची लस घेतलीय का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, घ्यायची असेल तर बाळाला भेटायच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी लागते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं तेव्हा.

---

समेवर_आलो

मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. सगळे कसं बसवायचं ते सांगतायत. ९ आठवड्यांत ११ कार्यक्रम, दौरा, सहा गाणी आणि घर हे बसणारच नाही. एक कार्यक्रम सोडा. कुठला ते तुम्हाला माहीत आहे, प्रत्येकाच्या यादीत एक असतो ज्याला हो म्हणताना पोटात गोळा आला होता.

---

ठेका_चुकला

@समेवर_आलो, तो कुठला ते तुम्ही न बघता ओळखलंत :) २४ मार्चचा. पण साथीदाराला नाही म्हणणं सोपं नसतं हो. गायकाचा कार्यक्रम गायकाशिवाय होत नाही, तबलजीशिवाय होतो, म्हणजे दुसरा तबलजी बसतो, आणि तो चांगला वाजवला की पुढच्या वेळीही तोच बसतो. ही भीती खरी आहे, उगाच नाही.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. हातोडी मी हँडबॅगेतच ठेवणार होतो, शप्पथ.

---

शाईपुडी

भीती खरीच आहे, नाही कोण म्हणतंय. पण नाही म्हणायची रीत असते. "जमणार नाही" एवढंच म्हणून फोन ठेवलात तर तुमची जागा गेली समजा. त्याऐवजी तुम्हीच नाव सुचवा, त्या मुलाला तुम्हीच फोन करा, बंदिशी कुठल्या आहेत, गायकाची लय कशी आहे, कुठे तिहाई (तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणं) आवडते, हे सगळं त्याला सांगा. मग गायकाच्या डोक्यात "याने मला अडचणीत टाकलं" राहत नाही, "याने सोय केली" राहतं. मी वीस वर्षांत चार-पाच वेळा केलंय, एकदा जागा गेली हे खरं, पण ज्याला दिली त्याने पुढे मला तीन ठिकाणी बोलावलं.

---

खर्जातली

गायकांच्या बाजूने अनुमोदन. मला महिनाभर आधी कळलं आणि दुसरा माणूस तयार असला तर मी नावही काढत नाही. आदल्या आठवड्यात कळलं तर मात्र दहा वर्षं काढते.

अजून एक, तुमचा दौरा पश्चिमेला आहे म्हणजे परतीचा प्रवास पूर्वेकडे. पूर्वेकडे येताना झोप जास्त बिघडते, ढोबळ हिशेब दर तासाच्या फरकाला एक दिवस, म्हणजे आठ तासांना आठवडाभर. २१ ला परत येऊन २४ ला वाजवणार होतात? ऐन तराण्यात डोळे मिटले असते.

---

ठेका_चुकला (१९ फेब्रुवारी)

तर झालं एकदाचं. २४ तारखेचा कार्यक्रम सोडला, माझ्याबरोबर शिकलेल्या एकाचं नाव दिलं, गायकांनी जरा हं हं केलं पण चांगलं घेतलं. अल्बमवाल्यांना लिहिलं की पहिले मिक्स ५ एप्रिलला मिळतील आणि २५ ते ३० मार्च मी फोनवर नाही. त्यांचं उत्तर आलं, "ओके, नो प्रॉब्लेम." एवढंच. मी तो मेसेज लिहायला पाऊण तास घालवला होता.

लसीचं डॉक्टरांना विचारलं, घेऊन टाकली. बाबांच्या तपासणीची तारीख विचारली तर २७ मार्च निघाली, केवढं बरं. मग आईला फोन केला, म्हटलं २५ ला सकाळी साडेदहाला पोचतो, ३० ला संध्याकाळी निघतो, सहा दिवस. पलीकडे शांतता. मग आई म्हणते, "सहा दिवस? का रे, काम सुटलं का तुझं?"

---

उंबऱ्याच्या_आतली

😂😂 आईला सांगा, काम सुटलं नाही, काम मिळालंय, रात्रपाळीचं.

---

ठेका_चुकला (२८ मार्च, पहाटे ३:१०)

एका हाताने टाइप करतोय, दुसऱ्यावर भाची आहे, चुका सांभाळून घ्या.

दौरा नीट झाला. पहिल्याच दिवशी तबला अख्खा सूर चढला होता, कव्हरसकट ठेवला आणि संध्याकाळी बऱ्यापैकी जागेवर आला, शाईपुडी साहेब तुम्हाला दंडवत. हातोडीही पोचली. झोपेचे मात्र अजून तीन तेरा, रात्री तीनला टक्क जागा असतो, पण ताईच्या दृष्टीने हे फारच सोयीचं झालंय. ती काल साडेतीन तास सलग झोपली आणि सकाळी उठून मला म्हणाली, तू अजून एखादा आठवडा ती झोप बिघडलेलीच ठेव.

निरीक्षण : बाळाला झपताल अजिबात चालत नाही. दादरा चालतो. विलंबित, पाठीवर हलक्या हाताने, पहिल्या मात्रेला जरा वजन, चौथीला हात उचलून. तीन-चार आवर्तनांत मान खांद्यावर पडते. मध्ये मी शहाणपणा करून एक छोटी तिहाई घेतली, समेवर येताच डोळे उघडले तिने.

झपताल वाया गेला नाही पण. बाबांना रोज गुडघ्याचे व्यायाम आहेत, पाय सरळ करायचा नि वाकवायचा, दहा-दहा वेळा. ते मोजताना कंटाळायचे आणि सातलाच थांबून दहा म्हणायचे, आईची तक्रार होती. परवापासून मी बाजूला बसून पढंत करतो, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना, एका मात्रेला एकदा वाकवणं, आवर्तन पुरं झाल्याशिवाय सुटका नाही. माझा रियाज होतो, त्यांचे दहाच्या दहा होतात. सहाव्या मात्रेला खाली (तालातली रिकामी मात्रा) येते तिथे बरोबर गुडघा कुरकुरतो असं त्यांचं म्हणणं. काल डॉक्टरांनाही तेच सांगितलं त्यांनी, "सहाव्या मात्रेला दुखतं." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. बाकी तपासणी ठीक, जिने चढायला हरकत नाही म्हणाले, फक्त कठडा धरून.

केबलभाऊ, एक विचारायचं होतं. फोन बंद ठेवलाय पण मेसेज दिसतात. तिसऱ्या गाण्यात अल्बमवाल्यांना डग्ग्याचा घुमारा कमी हवाय. मी ईक्यूने कापायचं म्हणतोय, पण मींड (सूर घसरत नेणं) आहे तिथे सगळं मेलेलं वाटेल अशी धास्ती आहे. दुसरं काही करता येईल का? घाई नाही, ३१ ला बघणार आहे.

---

केबल_गुंडाळ्या

सरसकट ईक्यू नको. जिथे घुमतंय तेवढ्याच ठोक्यांना हाताने व्हॉल्यूम खाली घ्या, ऑटोमेशनने, एकेक करत. वेळ लागतो पण मींड जिवंत राहते. तरीही राहिलं तर १०० हर्ट्झच्या आसपास डायनॅमिक ईक्यू लावून बघा, फक्त मोठा ठोका आला की दाबेल असा.

आणि ३१ ला बघा म्हणालात ना, मग आता फोन ठेवा, भाची पडेल.

---

ठेका_चुकला

झोपली. खाली ठेवायची कशी ते कोणी सांगा, ठेवली की उठते.